सांबरांना पाणी पाजायला गेलो, त्याची हकीकत

ज्या सभेला मी गैरहजर होतो, त्याच सभेत माझी एकमतानं निवड झाली. आमचं पार्ल्याचं निसर्गप्रेमी मंडळ मुख्यतः गच्चीवर भरतं. कोजागिरीला दूध पितं, एखाद्या रविवारी पक्ष्यांच्या रंगीत चित्रांवर व्याख्यान ऐकतं आणि जंगलावर मनापासून प्रेम करतं, कारण आमच्यातलं कुणी जंगलात फारसं गेलेलं नाही. त्या साली मात्र मंडळाला प्रत्यक्ष काहीतरी करायची उबळ आली. भिवपुरीच्या वीजघराच्या वरच्या अंगाला राखीव जंगल आहे. तिथले कांबळे नावाचे वनरक्षक कुणाच्या तरी ओळखीचे निघाले. त्यांनी निरोप धाडला की रानातले ओढे होळीच्या आधीच आटतात, सांबरं पाण्यासाठी खाली गावात उतरतात आणि जिवाला मुकतात, तेव्हा रानातच एखादा हौद झाला तर बरं. मंडळानं सिमेंट पाठवलं, कांबळ्यांनी हौद बांधून घेतला. आता तो भरायला, त्यावर मंडळाची पाटी लावायला आणि पाणी पिणाऱ्या सांबराचा फोटो काढायला एक माणूस हवा होता. माझी त्या दिवशी दाढ दुखत होती, म्हणून मी सभेला गेलो नव्हतो. तेव्हापासून मी एकही सभा चुकवलेली नाही.

मी एका कचेरीत हिशेब तपासतो. माझ्या हातून आजवर कुठल्याही जनावराला पाणी मिळालेलं नाही, शेजाऱ्यांच्या पोपटालाही नाही. पण निवड झाली म्हटल्यावर अंगात वारं शिरलं. मी खाकी सदरा आणि खाकी अर्धी विजार शिवून घेतली, डोक्याला टोपी आणली. आरशासमोर उभा राहिलो तेव्हा बायको म्हणाली, "पोटाला पट्टा जरा खाली बांधा, नाहीतर वर बांधा. मधोमध बांधलात की फार दिसतं."

कर्जत

कर्जतला उतरलो तो बुधवार होता. वैशाखाचं ऊन फलाटावर मांडी घालून बसलेलं. माझ्या एका हातात वळकटी, गळ्यात मंडळाचा कॅमेरा आणि काखेत पत्र्याची ती पाटी. पाटी चांगली दाराएवढी होती. तिच्यावर लाल रंगात लिहिलं होतं, ‘हे पाणी वन्य प्राण्यांसाठी राखीव आहे. कृपया इतरांनी वापरू नये.’ खाली मंडळाचं नाव याहूनही मोठ्या अक्षरांत. एस.टी.त ती पाटी कुठं ठेवायची यावर बराच खल झाला. शेवटी कंडक्टरनं ती माझ्या पाठीमागं उभी केली, आणि जो चढेल तो आधी पाटी वाचून मग माझ्याकडं बघू लागला. मागच्या बाकावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "ह्या सायबाला पाणी द्यायचं का नाय रं? पाटी तर त्याच्याच पाठीला हाय."

गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या हकीकतीत एक बंदूक आहे. भिवपुरीच्या वीजघरातून चाकं फिरवून सुटलेलं पाणी कालव्यानं या गावाच्या शेतांतून जातं. त्यामुळं इथं भर उन्हाळ्यात हिरवंगार भात उभं असतं. मान वर करून डोंगराकडं पाहावं तर सगळं रान वाळून करडं झालेलं. वरून खाली बघणाऱ्या तहानलेल्या जनावराला हे हिरवं कसं दिसत असेल, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. मला त्या वेळी लिंबाचं सरबत कुठं मिळेल एवढंच सुचत होतं.

कांबळे थांब्यावर आले होते. उंच, वाळकुडे, गळ्याभोवती पंचा, तोंडात तंबाखू. बोलायला लागले की थांबत नसत आणि दर चार वाक्यांनी बदलीचा अर्ज नामंजूर झाल्याचं सांगत. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली माझी वळकटी पडली. कांबळेबाई मुलांना घेऊन माहेरी गेल्या होत्या, म्हणून जेवायची सोय यमुनाक्काकडं.

"आधीच सांगतो साहेब," कांबळे वाटेत म्हणाले, "अक्का तोंडाची फटकळ आहे. पण बैलगाडी तिचीच आहे. ती नाही म्हणाली तर पाणी काय आपण ओंजळीनं नेणार?"

यमुनाक्का साठीची, एकटी राहणारी बाई. मुलगा डोंबिवलीला नोकरीला. तिनं मला पानावर बसवलं आणि तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि कैरीचं सार वाढलं. आमच्या घरात बोंबील दाराच्या आत येत नाही. मी मात्र ताट पुसून काढलं. घरी हे सांगितलं नव्हतं, आता वाचून कळेल.

मी खात होतो आणि ती सांगत होती. पावसाळी भात गेलं होतं. पाऊस आला वेळेवर, पण गौरी-गणपती गेले तसा जो पळाला तो फिरकलाच नाही. "हस्ताचा पाऊस यायचा, तवा दाणा भरायचा. आता काय वर्सं झाली, हस्त कोरडा जातोय. पूर्वी दिवाळीला वढ्यात धुणं धुवायचो आमी. आता दिवाळीला वढ्यात धूळ." आता तिचं जे काही होतं ते कालव्याकाठचं हे उन्हाळी भात. आणि त्यात रोज दिवेलागणीला सांबराची एक मादी उतरत होती. कालव्यावर पाणी प्यायची आणि जाताना भात तुडवत, खात जायची.

"ह्ये भात गेलं की माझा ल्योक मला डोंबिवलीला न्यायला टपलाय," ती म्हणाली. "तिथं काय करू मी? गॅलरीत बसून खालची माणसं बघू? मला हितंच मरायचं हाय, भाऊ. म्हून नानाला सांगितलंय. शनवारी बाजार करून तो बंदूक घिऊन येणार. तवर तुमचं पाणी तिला वर थोपवील तर बरं. न्हाय तर तिचं नशीब."

शेजारच्या गावच्या या नानांकडं पिकं राखायची परवान्याची बंदूक होती. सांबर मारायचा परवाना कुणालाच नव्हता. कांबळे म्हणाले, "मारलं तर मला अक्कावर केस करावी लागेल. तिच्याच भाकऱ्या खाऊन. म्हणून तर तुमच्या मंडळाच्या पाया पडलो."

मी भाकरीचा घास हातात धरून बसलो. घरून निघताना मला वाटलं होतं की मी फोटो काढायला चाललोय.

खोपोली

हौदापर्यंत पाणी न्यायला गाडी होती, बैल होते, पिंपं नव्हती. म्हणून गुरुवारी मी खालापूर तालुक्यात खोपोलीला गेलो. घाटाखालच्या या गावात कारखान्यांचं भंगार मिळतं, आणि भंगारवाल्यासमोर लोखंडी पिंपांचा डोंगर उभा होता. मी एकेका पिंपात डोकं घालून वास घेऊ लागलो. एकात तेल होतं, एकात रंग, एकात असं काही होतं की माझे डोळे गळू लागले. शेवटी काही पिंपं अशी सापडली की डोकं घालताच जीव सुखावला. फिनेल. आमच्या घरी ज्या वस्तूला फिनेलचा वास येतो ती वस्तू स्वच्छ, असा संस्कार माझ्यावर लहानपणापासून आहे. इस्पितळ, शाळेची मुतारी, आत्याचं स्वयंपाकघर, सगळीकडं तोच वास. सांबरांना चांगलं तेच द्यावं म्हणून मी ती पिंपं निवडली आणि टेंपोत घालून आणली. टेंपोवाला नाक दाबून गाडी चालवत होता. मला वाटलं त्याला सर्दी झालीय.

अक्कानं पिंपांचा वास घेतला आणि गप्प बसली. मला नंतर कळलं की तिला ते औषध वाटलं होतं. "म्हटलं मुंबईची माणसं, जनावराला जंत होऊ नयेत म्हून घातलं आसंल." कांबळ्यांनाही तसंच काहीतरी वाटलं असावं. आम्ही तिघंही एकमेकांवर भरवसा ठेवून गप्प राहिलो, आणि कालव्यावर पिंपं भरून गाडी रानाच्या वाटेला लावली.

रान

चढण अशी की बैल थांबून थांबून चालत होते आणि मी बैलांहून जास्त वेळा थांबत होतो. अक्का कासरा धरून पुढं. ती बैलांशी आणि माझ्याशी एकाच सुरात बोलत होती, त्यामुळं "चल रं, आला की वर" हे कुणाला उद्देशून आहे हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

वाटेत कांबळ्यांनी कालव्याची दगडी कड दाखवली. गेल्या उन्हाळ्यात एक सांबर पाण्यासाठी वाकलं, घसरलं आणि चढता न आल्यानं पोहून पोहून दमलं. काठावर कुत्री जमली होती. "मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता," कांबळे म्हणाले आणि तंबाखू थुंकून पुढं चालू लागले. जी मादी आता उतरत होती तीही अशीच एकदा घसरली होती. तिचा मागचा एक खूर दगडात फाटला, तेव्हापासून ती लंगडते. "बरगड्या मोजून घ्या अशी झालीय, त्यात गाभण. पूर्वी ही जनावरं पाऊस पडेपर्यंत रान सोडत नसत. साहेब, पाटी लावून जंगल राखीव करता येतं. पाऊस कसा राखीव करणार?"

वाऱ्याची झुळूक नव्हती. एका ऐनाच्या बुंध्याशी कावळा चोच उघडी टाकून बसला होता, आम्ही जवळून गेलो तरी उडाला नाही. मला एकदम फार वाईट वाटलं. कशाबद्दल ते नेमकं सांगता येत नाही, पण फोटोचा विचार त्यानंतर मी केला नाही. खरं म्हणजे केला, पण थोडा उशिरा.

हौद छान झाला होता. आम्ही तो भरला. पाणी दुधासारखं पांढरं दिसत होतं, ते मी नव्या सिमेंटवर ढकललं. पाटी दोन खांबांवर ठोकली. मग मी टोपी डोळ्यांवर ओढून एका झुडपामागं कॅमेरा घेऊन बसलो आणि सूर्य बुडेपर्यंत बसून राहिलो. सांबर आलं नाही. माकड आलं नाही. तो कावळा आला, हौदाच्या काठावर बसला, पाण्यात वाकून पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं उडून गेला.

शुक्रवारी सकाळी पुन्हा गेलो तर हौदापाशी हसण्याचे आवाज. वरच्या ठाकरवाडीतल्या बाया डोक्यावर रिकामे हंडे घेऊन झऱ्याकडं चालल्या होत्या आणि हौद पाहून वाकड्या वाटेनं आल्या होत्या. त्यांच्यातली सोमी म्हणून एक तरणी, काटक बाई पुढं होती. तिनं ओंजळीत पाणी घेऊन नाकाशी नेलं होतं.

"सायेब, ह्यात दवाखाना कुनी वतला?" तिनं विचारलं.

मी स्वच्छतेबद्दल थोडं बोलायचा प्रयत्न केला. अक्कानं माझ्याकडं पाहिलं, मी कांबळ्यांकडं पाहिलं, कांबळ्यांनी आभाळाकडं पाहिलं. मग तिघांनाही एकदमच सगळं उमगलं. अक्का खाली बसली आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की मला तिच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. ती हसायची थांबली तेव्हा तिचे डोळे ओले होते, आणि ते सगळं हसण्याचं पाणी नव्हतं. शनिवार उद्यावर आला होता.

हौद उपसला. बायांनी हंडे बाजूला ठेवले, कासोटे आवळले आणि राखेनं, मातीनं तो असा घासला की माझ्या आत्यानंही मान डोलावली असती. पिंपं खाली नेऊन चिंचेनं आणि राखेनं घासली, दिवसभर उन्हात तापवली आणि पुन्हा घासली. सोमीनं शेवटी पिंपात डोकं घालून मान हलवली तेव्हा कुठं दुसरी खेप वर चढली. बायांनी परक्या कामात एवढे कष्ट घेतले याचं मला भारी कौतुक वाटलं. मुक्या जनावरांबद्दल या लोकांना किती कळवळा, असं मी त्या संध्याकाळी जेवताना कांबळ्यांना बोलून दाखवलं. कांबळे म्हणाले, "हं."

शनिवारी उजाडता मी हौदावर पोचलो आणि त्या "हं"चा अर्थ कळला. बाया रांगेनं हौदावर हंडे भरत होत्या. हौदाचं पाणी निम्म्यावर आलं होतं. वर माझी पाटी लाल अक्षरांत झळकत होती.

मी कांबळ्यांकडं वळलो. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा त्यांना. पाटी तुमची आहे."

मी पुढं झालो, घसा साफ केला आणि विचारलं, "तुमच्या झऱ्याला पाणी नाही का?"

"हाय की," सोमी म्हणाली. "वाटी वाटीनं हाय. खळग्यात साचंल तसं वाटीनं हंड्यात वतायचं. हंडा भरंस्तवर उन्हं डोक्यावर येत्यात. पोरगी तापानं फणफणलीय घरी. हितं कसं, बुडवला का भरला." तिनं हंडा कमरेवर घेतला आणि हनुवटीनं पाटीकडं खूण केली. "हितं काय लिवलंय?"

पार्ल्याला सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा मी दात घासताना तो चालूच ठेवतो. बायको रोज ओरडते. त्या नळाची धार त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं आली आणि पाटी मोठ्यानं वाचून दाखवायची माझी काही छाती झाली नाही.

"इथं पाणी आहे, असं लिहिलंय," मी म्हणालो.

"ते तर दिसतंय की," सोमी म्हणाली, आणि दुसरीच्या हंड्याला हात लावायला गेली.

मीही एका म्हातारीचा हंडा उचलून द्यायला गेलो. निम्मा माझ्या अंगावर सांडला. तेवढ्यात कांबळ्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेऊन फोटो काढला. त्यांना कॅमेऱ्याचं फार कुतूहल होतं.

कालव्याकाठचं शेत

मग मी अक्काला सांगायला गेलो. तिनं ऐकलं आणि हातातली सुपली दाणकन ठेवली.

"माझे बैल चढवायचे, पाणी वाडीनं प्यायचं, आन् भात सांबरानं खायचं. बरं हाय की." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सोमी व्हती का? तिच्या पोरीचा ताप उतरला का?"

"नाही म्हणाली."

"मग न्हेऊ द्या पाणी," ती म्हणाली. "पण नाना आज बसंल."

नाना बाजारातून आले ते बंदूक, चहाची पुडी आणि नवा टॉवेल घेऊन. गोल चेहऱ्याचा, अघळपघळ माणूस. भाताच्या कडेला अक्कानं राखणीसाठी उभारलेला माळा होता. चार खांबांवर फळ्या आणि वर पेंढा. त्यावर नाना, अक्का आणि मी बसलो. कांबळे आले नाहीत. त्यांनी पाहिलं नाही तर त्यांना केस करावी लागणार नव्हती, आणि अक्काकडं आले नाहीत म्हणून रात्री जेवताही आलं नाही त्यांना.

सूर्य डोंगराआड गेला. मी हळू आवाजात अक्काला म्हणालो, "ती गाभण आहे हो."

"मला काय दिसत न्हाय?" ती तेवढ्याच हळू म्हणाली. "रोज बघते तिला. लंगडत येती, कालव्यावर पुढचे पाय टाकायला भेती, तहानंनं टाकती. पण भाऊ, म्हातारपणी मी पन कुठं जाऊ, ते कुणी बघतं का?"

भीतीनं आणि सकाळपासून प्यायलेल्या ताकानं मला खाली उतरायची निकड वाटू लागली. मी पुटपुटत माळ्यावरून उतरलो आणि बांधाआड गेलो. अंधुक झालं होतं. भाताच्या पलीकडं वाकून उभा असताना माझ्या पायाखालची कड ढासळली आणि मी चार हातापायांवर भातात गेलो. करकर वाजलं. वर माळ्यावर खट् असा आवाज आला. तो आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, तरी कशाचा आहे ते मला लगेच समजलं.

"मी आहे, मी, मंडळाचा," एवढं तरी तोंडातून फुटलं.

मग नानांचा आवाज आला, "या वर. घोड्यावर बोट व्हतं माझं. पन म्हटलं, रानातल्या सांबराला या दिवसांत एवढं पोट कुठलं असायला? म्हून थांबलो."

बायको पट्ट्याबद्दल म्हणाली होती ते मला आठवलं. खाकी कपडे रानात मिसळून जावेत म्हणून शिवले होते, आणि ते फारच छान मिसळले होते. पोट मात्र मिसळलं नाही, म्हणून ही हकीकत लिहायला मी उरलो.

त्यानंतर आम्ही पुरता अंधार पडेपर्यंत बसलो. कालव्याचं पाणी वाहत होतं. पानाची सळसळ झाली की नाना बंदूक उचलत, मी डोळे मिटून घेई. अक्का काहीच करत नसे, नुसती डोंगराकडं बघत बसे. ती मादी आली नाही. अखेर नाना उठले, बंदूक खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "खुराचा डाग दिसला भातात तर सांगा. पुढल्या बाजारी पुन्ना येतो."

सकाळी भात जसंच्या तसं उभं होतं. फक्त एका कडेला मोठा खड्डा, तो माझा. मला वाटलं अक्काला आनंद होईल. ती सगळ्या बांधावरून फिरून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"रोज येती. कालच कशी आली न्हाय?" ती म्हणाली. "मेली तर न्हाय वर कुठं, पान्याबिगर?" आणि मी काही म्हणायच्या आत ती बैल जुंपायला गेली.

झरा

रविवारी रानात आम्ही भरलेली गाडी घेऊन निघालो ते मेलेलं सांबर बघायच्या तयारीनं. कांबळे पुढं, त्यांच्या तोंडात त्या दिवशी तंबाखूही नव्हती. हौदापाशी पोचलो तर सोमी वाट बघत उभी. मुलीचा ताप उतरला होता. ती म्हणाली, "चला, झऱ्यावर काय तरी हाय, बघायचं."

झरा म्हणजे कातळाच्या पोटातून झिरपणारी ओल आणि तिच्याखाली एक खळगा. आदल्या दिवशी वाडीतली एकही बाई तिकडं फिरकली नव्हती, सगळ्या माझ्या हौदावर होत्या. वाटीनं उपसणारं कुणी नाही, माणसाची चाहूल नाही. दिवसभर पाणी खळग्यात साचत राहिलं होतं, आणि खळग्याभोवतीचा चिखल खुरांनी नुसता तुडवून निघाला होता. बारके खूर भेकराचे, असं कांबळे म्हणाले. रानडुकरांचेही होते. आणि मध्ये मोठे, खोल उमटलेले खूर.

आम्ही चौघंही बघत राहिलो. हौद सांबरांसाठी बांधला होता आणि त्यातलं पाणी वाडीनं नेलं, म्हणून वाडीचा झरा सांबराला मिळाला. यातलं काहीही कुणी ठरवलं नव्हतं. कांबळ्यांनी नाही, सोमीनं नाही, आणि मंडळानं तर मुळीच नाही.

अक्का चिखलात उकिडवी बसली. एका खुरापाशी तिनं बोटं टेकवली. त्या खुराची एक बाजू फाटलेली होती. खुराच्या खड्ड्यात पाणी झिरपून भरलं होतं.

"हीच," ती म्हणाली. "हीच गं माझी बया." आणि त्या ओल्या बोटांनी तिनं डोळे पुसले, तर चेहराभर चिखल झाला.

परत येताना ठरलं. गाडी रोज अक्का चढवणार. वाडीच्या बाया पाळीनं हौद घासणार आणि तिथंच पाणी भरणार. झऱ्याकडं कुणी जायचं नाही. "माझं भात कापंस्तवर चढवते," अक्का म्हणाली.

"आणि कापल्यावर?" मी विचारलं.

"तवा पाऊस येईल."

"आणि उशिरा आला तर?"

तिनं बैलांना हाक मारली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "मग काय, ती तरी कुठं जाईल. चढवीन."

पार्ले

मंडळाच्या सभेत माझा अहवाल वाचला गेला आणि फोटो फिरवला गेला. फोटोत लाल अक्षरांची पाटी स्पष्ट वाचता येते. तिच्याखाली बाया हंडे भरतायत आणि त्यांच्यामध्ये चिंब भिजलेला मी एका म्हातारीला हंडा उचलून देतोय. अध्यक्षांनी तो बराच वेळ न्याहाळला. मग पाण्याचा गैरवापर झाल्याबद्दल सभेनं खेद व्यक्त केला. मी झऱ्याचं सांगायला लागलो, पण तोवर कोजागिरीच्या दुधाचा विषय निघाला होता. मी दुधाला विरोध केला. माझ्या आयुष्यातला तो पहिला विरोध.

त्या रात्री बायकोनं विचारलं, "एवढं जाऊन आलात, सांबर जवळून दिसतं तरी कसं?"

इतक्या दिवसांत मला सांबराचं शेपूटही दिसलं नव्हतं. निघताना एस.टी.च्या थांब्यावर अक्कालाही मी हेच म्हणालो होतो. तिनं करवंदांचा द्रोण माझ्या हातात दिला होता, गाडी सुटायच्या बेतात होती, आणि मी खिडकीतून जरा रडवेल्या सुरात म्हणालो होतो, "अक्का, सगळं झालं, पण सांबर काही मला दिसलं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली होती. "तुमाला दिसलं असतं तर नानाला पन दिसलं असतं."